शहाऱ्याचे पाच सेकंद

मित्रांनो, मी एक जुना हल्ला आहे. दचकू नका. मी आजवर कुणाला खरोखरची इजा केलेली नाही आणि या वयात करणारही नाही. राक्षसांच्या झुंजी लावायचा एक व्हिडिओ गेम आहे, त्यातल्या राक्षसांना जे हल्ले येतात त्यांतला मी एक. माझे नाव शहारा. मी बर्फाचा आहे. एके काळी गेमच्या डबीवर माझे चित्र छापलेले असे. हे मुद्दाम सांगतो, कारण आता ते कुणाला खरे वाटत नाही. हसून ‘चालायचंच’ म्हणणाऱ्यांतला मी नाही. मला राग आलेला आहे, आणि तो का आला हे तुम्हाला ऐकवल्यावाचून मी राहणार नाही.

आधी आमच्या जगाची रीत समजून घ्या. आमच्याकडे प्रत्येक राक्षसाला तीनच हल्ले लक्षात ठेवता येतात. चौथा शिकायचा तर आधीच्या तिघांपैकी एकाला विसरावे लागते. तेव्हा पडद्यावर प्रश्न येतो, ‘हा हल्ला विसरायचा?’ आणि खाली ‘हो’ आणि ‘नाही’ अशी दोन उत्तरे. म्हणजे आमची नोकरी कायम कच्चीच. दुसरे असे, की यंत्र चालू असेपर्यंत आम्हाला खोलीतले सगळे ऐकू येते, पण दिसते ते फक्त आम्ही पडद्यावर असतो तेवढाच वेळ. दोन घरांतली माणसे नेटवरून एकमेकांशी खेळत असली, तर आम्ही दोन्ही पडद्यांवर एकदम उतरतो आणि आम्हाला दोन्ही घरे दिसतात. माझे सगळे आयुष्य मी असे तुकड्यातुकड्यांनी पाहिले आहे.

माझा जन्म एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर झाला. खोली मोठी होती, पण पडदे कायम ओढलेले. उजेड आला की कामाच्या स्क्रीनवर चमक येते म्हणून तिथल्या लोकांनी सूर्याशी उभे वैर धरले होते. एसी इतका थंड, की मला काढणारी चित्रकार मुलगी बाराही महिने स्वेटर घालून बसायची. तिला सगळे चष्मेवाली म्हणत. तिने मला एकेक चित्र जोडत घडवले. आधी पडद्यावर करडे धुके उतरायचे. मग जमीन पांढरी व्हायची. मग समोरच्या राक्षसाच्या पायांपासून दंव वर चढत त्याच्या भुवयांपर्यंत जायचे. मग काहीच नाही. सगळे स्तब्ध. आणि मग एकदम ‘कडाक्’ आवाज होऊन तो राक्षस गोठायचा आणि त्याचा पुढचा हल्ला निम्म्या जोराचा पडायचा. या सगळ्याला पाच सेकंद लागत.

ते मधले ‘काहीच नाही’ साहेबांना पहिल्यापासून खुपत होते.

“इथे काही होतच नाही,” ते म्हणाले.

“साहेब, थंडी अशीच लागते,” चष्मेवाली म्हणाली. “आधी काही होत नाही. मग एकदम लागते.”

साहेबांना काय वाटले कुणास ठाऊक, त्यांनी ते राहू दिले. ती शांतता म्हणजे माझा जीव होता, हे त्या मुलीला पक्के माहीत होते.

माझा आवाज कसा मिळवला तेही ऐका. ऑफिसातल्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात बर्फाचा थर साचलेला होता, तो खरवडायला कुणाला सवड नव्हती. आवाजाचे काम करणाऱ्या माणसाने सगळ्यांचे डबे बाहेर काढून ठेवले, स्टीलच्या पट्टीने तो थर खरवडला, आणि शांतता हवी म्हणून मोठा तुकडा घेऊन बाथरूममध्ये जाऊन तो फोडला. डबे दुपारपर्यंत बाहेर राहिले आणि दोघांची जेवणे नासली. आवाजवाल्याने सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या, पण माझा ‘कडाक्’ तेवढा बावनकशी निघाला.

त्या खोलीत आणखी एक मुलगी होती. तिचे काम हल्ले तोलायचे. कुठला हल्ला फार जोरकस झाला, कुठला फुसका निघाला, ते पाहून तिने प्रत्येकाला योग्य वजन द्यायचे. म्हणून तिला तोलणारी म्हणत. हुशार, कामाला वाघ, आणि बोलायला लागली की समोरच्याचे वाक्य संपायच्या आत तिचे उत्तर तयार. तिथे सगळेच तसे होते म्हणा. हीच पुढे माझ्या गोष्टीतली मुख्य बाई होणार आहे.

पहिली काही वर्षे माझी चंगळ होती. मुले मला बघायला शेजाऱ्यांना हाका मारून बोलवायची. दंव भुवयांपर्यंत चढले की श्वास रोखायची. मग नवे हल्ले आले. ते सगळे आगीचे, विजेचे, डोळे दिपवणारे आणि झटपट. मुलांना माझा कंटाळा येऊ लागला. मी उतरलो की कुणी पाणी प्यायला उठायचे, कुणी तंगड्या ताणायचे. ‘वेळखाऊ’ हा शब्द मी माझ्याबद्दल पहिल्यांदा एका सात-आठ वर्षांच्या पोराच्या तोंडून ऐकला. त्याच्याकडे वेळ एवढा कमी कसा, ते मला अजून कळलेले नाही.

अशा पडत्या काळात मला तोलणारीचे बाबा भेटले.

ते दुसऱ्या गावी दोन खोल्यांच्या घरात एकटेच राहत. बायको जाऊन बरीच वर्षे झालेली. उभे आयुष्य बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढण्यात गेले. कारखाना बंद पडला, आणि मागोमाग त्यांच्या मेंदूतली एक नस तुंबली. जीव वाचला, पण उजवा हात आणि जीभ दोन्ही जड झाली. डोक्यात सगळे लख्ख होते, शब्दही होते, पण तोंडापर्यंत यायला त्यांना उशीर लागायचा. उपचार करणाऱ्या बाईंनी तोलणारीला बजावले होते, की त्यांची वाक्ये तुम्ही पूर्ण करू नका, त्यांना वेळ द्या. ती हो म्हणाली होती. तिला ते पटलेही होते. पण सवय कुठे ऐकते?

हाताला व्यायाम होईल म्हणून तिने स्वतः येऊन त्यांच्या टीव्हीला खेळाचे यंत्र जोडून दिले. रोज संध्याकाळी ती तिच्या घरून आणि ते त्यांच्या घरून खेळणार, माइक लावून बोलणार, असे ठरले. बाबांनी राक्षस निवडला तो वॉलरससारखा लठ्ठ, दोन सुळ्यांचा. त्याचे नाव त्यांनी ढोल्या ठेवले. ढोल्याच्या तीन हल्ल्यांत मी होतो. तोलणारीचा राक्षस म्हणजे आगीचा सरडा, भडक्या.

पहिल्याच सामन्यात बाबांनी मला दाबले. मी उतरलो आणि मला ते घर दिसले. पलंग, औषधांचा डबा, खिळ्याला टांगलेला लाद्या ओढायचा जुना लोखंडी आकडा, आणि मधोमध खुर्चीत टक लावून बसलेला एक धिप्पाड म्हातारा. माझा ‘कडाक्’ ऐकून ते हसले.

पुढच्या वेळी मी उतरलो, तेव्हा ते बोलू लागले. धुके उतरेपर्यंत पहिला शब्द झाला, दंव चढेपर्यंत दुसरा. “हा... बर्फ... खरवडलाय.”

“अहो, खरंच की!” तोलणारी किंचाळली. “आमच्या ऑफिसातल्या फ्रीजचा आहे तो. तुम्हाला कसं कळलं?”

बर्फ कळणारा माणूस भेटला म्हणून मला बरे वाटले. पण खरी गोष्ट निराळीच होती आणि ती फक्त माझ्या लक्षात आली. आजारानंतर या माणसाने आज पहिल्यांदाच लेकीशी एक वाक्य सबंध बोलून संपवले होते.

कसे, ते सांगतो. आमच्या खेळात प्रत्येक पाळीला घड्याळ असते. टिकटिक चालू झाली की तोलणारी लागलीच म्हणायची, “बाबा, लवकर, वेळ जातोय.” पण हल्ला पडद्यावर चालू असताना घड्याळ थांबते आणि कुणाचेच बटण चालत नाही. एकटे खेळताना हल्ल्यांचे देखावे बंद करून टाकायची सोय आहे, पण नेटवरच्या सामन्यात ती नाही, कारण दोघांना सारखेच दिसले पाहिजे. म्हणजे माझ्या पाच सेकंदांत त्या हुशार मुलीला काहीही करता येत नसे. हात बांधलेले, म्हणून कान मोकळे. त्या पाच सेकंदांत बाबांचे एक वाक्य बसायचे.

फोनवर मात्र त्यांची दैना होती. खेळाचे यंत्र लावून ते वाट बघत बसत, तेव्हा तिचा फोन येई, ते तो स्पीकरवर घेत आणि मला सगळे ऐकू येई.

“मला... ते... ते...”

“गोळ्या? संपल्या का? मागवते.”

“नाही... ते...”

“बरं बरं, टॉर्च. लाइट जातात ना तिकडे? पाठवते उद्या.”

गोळ्या आल्या. टॉर्च आला. एकदा सपाताही आल्या. आणि खिडकी रात्रभर आपटत राहिली, कारण बाबांना सांगायचे होते ते खिडकीचे. शेवटी एका संध्याकाळी त्यांनी मला दाबले आणि माझ्या बर्फात म्हणाले, “खिडकीची... कडी... तुटली.” दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी सुतार बोलावला. बाबांना त्या दिवशी माझा उपयोग उमगला.

मग काय विचारता! ढोल्या दुसरे काही करीचना. पाळी आली की शहारा. तोलणारी वैतागायची. “बाबा, पुन्हा तेच? ढोल्याला दुसरं काही येतं की नाही?” बाबा तिला कारण सांगत नसत. ज्याला एक वाक्य बोलायला पाच सेकंद मिळतात तो ते कारण सांगण्यात कशाला घालवेल? ते तिला जुन्या गोष्टी सांगायचे, एका बर्फात एक वाक्य. लहानपणी ती कारखान्यात यायची. पोत्यात गुंडाळून तिला कोपऱ्यात बसवायचे. “तुझी... चप्पल... पाण्यात पडली.” पुढच्या पाळीला: “लादीत... गोठली.” त्याच्या पुढच्या: “लादी... गेली... चपलेसकट.” तोलणारी इतकी हसली, की घड्याळ संपून तिची पाळी गेली आणि ती हरली. तिच्या घरातली खुर्चीत लोळून हसणारी ती लेक आणि इकडचा हा लाजून हसणारा म्हातारा, दोन्ही मी एकदम पाहिले. माझ्या आयुष्यात मी दुसऱ्या कशाचा एवढा अभिमान बाळगलेला नाही.

आता कडू भागाकडे येतो.

बाबा एकदा न्हाणीघरात पडले. फार लागले नाही, पण तोलणारीच्या तोंडचे पाणी पळाले. त्यातच शेजारच्या काकू मुलाकडे राहायला जायच्या होत्या. मग तिने धावपळ करून वयस्क लोकांसाठी असलेला एक निवास शोधला. बाग होती, नर्स होती, जेवण वेळेवर. तिने घर सोडायची तारीखही ठरवून टाकली. सगळे प्रेमापोटीच केले, हे मी नाकारत नाही. पण विचारले नाही. म्हणजे विचारले, फोनवर.

“मला... तिथे...”

“आवडेल बाबा. मी बघून आलेय. फार छान आहे.”

बाबांना म्हणायचे होते, मला तिथे जायचे नाही. मी हे खात्रीने सांगतो, कारण फोन ठेवल्यावर ते रिकाम्या खोलीत ते वाक्य म्हणून बघत. “मला... तिथे... जायचं... नाही.” बरोबर पाच सेकंद. माझ्या मापाचे वाक्य. आता फक्त मला दाबायचे आणि बोलायचे होते.

पण बापाचे काळीज. लेक केवढी दमते, तिने केवढी खटपट केली, तिला नाही कसे म्हणायचे? पहिल्या संध्याकाळी माझ्या बर्फात ते म्हणाले, “तू... फार... दमतेस.” दुसऱ्या संध्याकाळी म्हणाले, “मला... एक... सांगायचंय.”

“सांगा की,” तोलणारी म्हणाली.

दंव भुवयांपर्यंत चढले. बाबांचे तोंड उघडले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो, बोला हो, बोला, आहे मी अजून.

“उद्या,” ते म्हणाले.

आणि त्याच दिवशी दुपारी, मित्रांनो, त्या पडदे ओढलेल्या खोलीत माझा निकाल लागून चुकला होता. हे बाबांना माहीत नव्हते. मला माहीत होते, पण मला कोण विचारतो?

झाले असे, की सामने फार रेंगाळतात अशा तक्रारी येत होत्या. साहेबांनी सगळ्यांना बसवून विचारले, सगळ्यात वेळखाऊ हल्ला कुठला? आणि सगळे एकमेकांची तोंडे बघू लागले. कारण त्या ऑफिसात सगळे देखावे बंद करूनच खेळत. दिवसातून शेकडो सामने तपासायचे, कोण बर्फ पडताना बघत बसेल? ज्यांनी मला बनवले, त्यांनीच मला बघायचे कधीचे सोडले होते. मला रोज डोळ्यांनी बघणारी तिथे एकच होती.

“शहारा,” तोलणारी म्हणाली. “मी रोज बघते ना घरी. माझे बाबा दुसरं काही खेळतच नाहीत. पाच सेकंद नुसतं हातावर हात ठेवून बसायचं. जीव जातो.”

सगळे हसले. मोठ्या पडद्यावर मला लावून दाखवण्यात आले, म्हणून मी ते हसणारे चेहरे पाहिले. एक चष्मेवाली तेवढी हसत नव्हती.

“त्या मधल्या शांततेसाठीच तर तो आहे,” ती म्हणाली.

“अगं, तू एकदा घरी खेळून बघ म्हणजे कळेल,” तोलणारी म्हणाली. “आणि बाबांनाही बरंच पडेल. सामने भरभर झाले की त्यांना पाळ्या जास्त मिळतील.”

तिने खरेच बाबांचा विचार केला होता. याचाच मला सगळ्यात जास्त संताप येतो. मला रोज बघणाऱ्या त्या एकट्या मुलीने आपल्या अनुभवाच्या जोरावर मला कापायला दिले, आणि वर बापाचे भले केले असे तिला वाटले.

कापायचे काम चष्मेवालीच्याच वाट्याला आले. तिने आधी धुके काढले, मग पांढरी जमीन, मग दंव. शांतता तिने शेवटी काढली. उरला फक्त ‘कडाक्’. पाच सेकंदांचा मी पाऊण सेकंदाचा झालो. काम संपल्यावर तिने स्वेटरच्या बाहीने चष्मा पुसला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी नव्या रूपात सगळ्या घरांत जाऊन पोचलो.

त्या संध्याकाळी बाबा तयारीने बसले होते. दाढी केलेली, अंगात धुतलेला सदरा. हे मला एका निमिषात दिसले, कारण आता माझ्याजवळ निमिषच होते.

“मला...”

कडाक्.

“हं बाबा, झालं बघा! आता माझी पाळी.”

बाबांना वाटले, यंत्र बिघडले. त्यांनी मला परत दाबले. “मला... ति...” कडाक्. पुन्हा. कडाक्. काकूंना बोलावून ते टीव्हीबद्दल सांगू लागले. “हे... हे...” काकू म्हणाल्या, “चाललाय की टीव्ही छान. दिसत नाही का? चष्मा पुसून देऊ?”

“बाबा, बघितलं ना किती भरभर झालं?” तोलणारी आनंदाने सांगत होती. “मीच सुचवलं ऑफिसात. आता कंटाळा नाही येणार.”

टिकटिक चालू होती. बाबांनी एवढेच म्हटले, “छान.”

कारण पाऊण सेकंदात तेवढेच बसते. पुढच्या संध्याकाळी त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, त्याच्या पुढच्याही. “मला... तिथे...” एवढ्यावर गाडी अडायची आणि पलीकडून उत्तर यायचे, “आवडेल हो बाबा, किती वेळा सांगू? पहिले काही दिवस जड जातील, मग रुळाल.” मग त्यांनी प्रयत्न सोडला. छान, हो, बरं. त्यांच्याजवळ हे तीनच शब्द उरले, तीन हल्ल्यांच्या राक्षसासारखे. तोलणारी ऑफिसात कुणाला तरी सांगत होती, “बाबा आता तयार झालेत. काहीच कुरकुर नाही.” मी ऐकले. मला तोंड असते तर मी तिथल्या तिथे तिचा कान धरला असता.

घर सोडायचा दिवस आला. यंत्र शेवटपर्यंत काढू नका, अशी बाबांनी हाताने खूण केली असावी, म्हणून मला सगळे ऐकू आले. पलंग ओढल्याचा आवाज, भांडी पोत्यात भरल्याचा आवाज. कुणीतरी विचारले, “हा लोखंडी आकडा घ्यायचा का भंगारात टाकायचा?” बाबा म्हणाले, “तो...” आणि तोलणारी म्हणाली, “तो टाका, तिथे काय करायचाय.” मग माझी वायर निघाली.

पुन्हा कान उघडले ते निवासाच्या मोठ्या खोलीत. तिथे टीव्ही एकच आणि बघणारे अनेक, म्हणून बाबांना संध्याकाळचा थोडा वेळ ठरवून दिलेला होता. तिथला सेवक स्वभावाने चांगला माणूस. सगळ्यांची बटणे लावून द्यायचा, घास मोडून द्यायचा, आजोबा आजी करत दिवसभर पळायचा. तिकडे घर रिकामे झाल्यावर आठ दिवसांत मालकाने तिथे दुसरे कुटुंब आणले, हेही मी तोलणारीच्या तोंडून ऐकले.

मग एका संध्याकाळी सामना संपता संपता ढोल्याची पायरी वाढली. त्याला एक नवा हल्ला शिकता येणार होता, झपाटा नावाचा. नाव ऐकूनच ओळखा कसा असेल तो. आणि पडद्यावर प्रश्न आला, ‘शहारा विसरायचा?’

मित्रांनो, या प्रश्नाला घड्याळ नसते. हवा तेवढा वेळ तो तसाच थांबतो. आणि आणखी एक गंमत होती. या प्रश्नाच्या मागे चष्मेवालीने पूर्वीच माझे मूळ चित्र लावून ठेवले होते, धुके, पांढरी जमीन, दंव, सगळे. ते कापायचे कुणाच्या लक्षात राहिले नव्हते. उत्तर देईपर्यंत ते चित्र दोन्ही पडद्यांवर फिरत राहते. बऱ्याच दिवसांनी मी सबंध उतरलो, आणि मला दोन्ही खोल्या नीट दिसल्या.

बाबा माझ्याकडे बघत होते. बारीक झाले होते. त्यांनी हातातला रिमोट मांडीवर ठेवला.

“ठमे...” ते म्हणाले. तिचे हे घरातले नाव मी प्रथमच ऐकले.

“हं बाबा, हो दाबा. झपाटा मस्त...” आणि ती थांबली. तिच्याही पडद्यावर बर्फ पडत होता. तिचे बटण चालत नव्हते.

“मला... इथे... यायचं... नव्हतं.”

बर्फ पडत राहिला. तोलणारीने काही पूर्ण केले नाही. पूर्ण करायला त्या वाक्यात काही उरलेच नव्हते.

“बाबा,” ती शेवटी म्हणाली, “मग बोलला का नाहीत?”

बाबांनी पुष्कळ वेळ घेतला. मी कितीही वेळ द्यायला तयार होतो.

“बोलत... होतो. बर्फ... पडायचा... तेव्हा.”

तोलणारीचे लक्ष बाबांच्या आवाजावरून माझ्यावर आले. धुके, जमीन, दंव, आणि ते मधले काहीच नाही. तिचा चेहरा बघता बघता पांढरा पडला. बाबांनी मान हलवली, पुन्हा श्वास घेतला, आणि ते पुढचे काही बोलणार होते. मला नक्की माहीत आहे, बोलणार होते. “आता... तू...”

तेवढ्यात सेवक आला. “काय आजोबा, अडलात होय? बातम्यांची वेळ झाली, सगळे थांबलेत. द्या इकडे.” त्याने मांडीवरचा रिमोट उचलला आणि माणुसकीने ‘हो’ दाबून दिले.

ढोल्यापुरता मी तिथेच संपलो. बाबांचे ते वाक्य काय होते, ते मला आजवर कळलेले नाही.

दुसऱ्या दिवशी तोलणारीने साहेबांना गाठले. शहारा परत पाच सेकंदांचा करा म्हणाली. साहेब म्हणाले, “अगं, तूच तर सुचवलंस! आता सामने झटपट होतात, तक्रारी बंद झाल्या, सगळे खूश आहेत. एकदा सुटलेलं कशाला परत गुंतवतेस?” ती रडली, भांडली. साहेबांनी तिला रजा घेऊन बापाला भेटून यायला सांगितले. ती गेलीही. तिने बाबांना आपल्या घरी चला म्हटले. तिच्या घरी दिवसभर कोण असणार, हे तिलाही माहीत होते आणि त्यांनाही. बाबा म्हणाले, “बरं आहे... इथे.”

आता तिने भडक्याला सोडले आहे. स्वतःसाठी बर्फाचा एक राक्षस घेतला आणि मला शिकून घेतले. रोज संध्याकाळी ती मला दाबते. मी पाऊण सेकंदात संपतो, आणि तेवढ्यात मला तिचा चेहरा दिसतो, कान देऊन बसलेला. मग पुन्हा तिची पाळी येते आणि ती काही दाबत नाही. घड्याळ वाजत राहते. ती मुद्दाम पाळी घालवते, मुद्दाम हरते, आणि वाट बघते. बोला बाबा, मी ऐकतेय, असे म्हणते आणि गप्प राहते. पाच सेकंद, दहा सेकंद, हवे तेवढे.

पलीकडून ढोल्याचा झपाटा येतो. तो खरेच फार वेगवान आहे.

मित्रांनो, असल्या गोष्टीच्या शेवटी माझ्यासारख्याने म्हणायचे असते, की मला जपा, माझी आठवण ठेवा. मला नका जपू. माझे चित्र डबीवर पुन्हा छापायचीही गरज नाही. पण तुमच्या घरात कुणी सावकाश बोलत असेल, तर त्याचे वाक्य त्यालाच संपवू द्या, आणि ते आजच करा. तोलणारी आता हवी तेवढी थांबते, आणि रोज पलीकडून तेच उत्तर येते.

“छान,” बाबा म्हणतात. “तुझी पाळी.”